दक्षिणेचं दार बुजवणार नाही

दाराला तेल लावायचं काम आम्ही दर उन्हाळ्यात, पाऊस यायच्या आधी करायचो. वरची बाजू मी, खालची बायको. ती बुटकी आणि माझे गुडघे वाकत नाहीत, म्हणून अशी वाटणी पडली होती. त्या सकाळी जवसाच्या तेलाची वाटी आणि जुन्या धोतराचा बोळा घेतला. डावी फळी झाली. ऊन तापलं तशी ती म्हणाली, "अहो, उजवी उद्या. माझा भात करपेल." वाटीवर झाकण ठेवून आत गेली. जेवणं झाली, ती आडवी झाली, आणि उठली नाही. अंधार पडायच्या आत नदीवर सगळं आटोपलं.

परत आलो. तिचा थोरला भाऊ, माझा मेहुणा, दारात कडुलिंबाचा पाला चावून थुंकला आणि लगेच बोलला.

"दाजी, मी तेव्हाच सांगितलं होतं. दक्षिणेचं दार. यमाला आवतण."

ओट्यावरच्या चार माणसांनी माना हलवल्या. माना हलवायला काय जातं?

"उद्या सकाळी गवंडी आणतो. हे दार बुजवू, पूर्वेच्या भिंतीत नवं पाडू. निदान तुमच्या जिवाला तरी धोका नको. पहिलं घर घेताना माणूस चुकतोच."

माणूस चुकतो, हे खरं. पण आम्ही चुकलो नाही. कसं, ते सांगतो.

स्वराज्य आलं, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. मी अंबरनाथला कारखान्यात होतो आणि राहायला विठ्ठलवाडीला, चाळीत भाड्याची एक खोली. तिचं दार पूर्वेला. सकाळचं ऊन थेट पाळण्यावर यायचं. त्या पाळण्यातली आमची दोन पोरं त्याच दारातून गेली. एक तापाने, दुसरं कशाने ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. तेव्हा एकही शहाणा म्हणाला नाही की दाराची दिशा वाईट. त्यानंतर ती त्या खोलीत राहायला तयार होईना. म्हणून घर बघायला निघालो.

पहिलं बघितलं ते उल्हासनगरच्या कॅम्पात. लष्कराच्या बराकी. मध्ये गोणपाटाचे नि फळ्यांचे आडोसे घालून सिंधी निर्वासित राहत होते. त्यातला एक दुकानदार आपला भाग विकायला निघाला होता. भिंतीवर थाप मारून म्हणाला, "साईं, फौजी मकान है! तोप से नहीं गिरेगा."

हिने विचारलं, "कागद?"

"कागज़ बन रहा है."

"बनला की बोलवा."

तो मोठ्याने हसला. "बाई तो हमसे पक्की व्यापारी है, साईं!" चहा मात्र पाजला. ती जागा त्याला सरकारने राहायला दिलेली, विकायचा हक्क अजून हातात नव्हता. त्याला मी लबाड म्हणणार नाही. घरदार सोडून आलेल्याला डोक्यावरचं छप्पर आपलंच वाटतं. पण माझ्या खात्यातल्या एकाने तसल्याच खोलीला घाईने इसार दिला आणि मग पैसेही गेले, खोलीही गेली, हात चोळत बसला.

दुसरं घर मेहुण्याने शोधलं. अंबरनाथला, शिवमंदिराच्या पलीकडे ओढ्याच्या अंगाला. दार पूर्वेला, उंबऱ्याला हळदकुंकू, समोर तुळस. मेहुणा नवरदेवासारखा खूष. ही भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. भिंतीला कमरेइतकाच नवा चुना होता, वरचा जुना नि पिवळा. हिने बांगडीने खरवडलं. आतून गाळ निघाला.

"दादा, पावसात ओढा इथपर्यंत येतो."

"अगं, पण दिशा बघ ना!"

"दिशा ओढ्याला सांगून ये. ऐकला तर घेऊ."

तिसरं हे बदलापूरचं. दोन खोल्या, वर कौलं, मागे विहीर. दार दक्षिणेला, म्हणून किती वर्षं तसंच पडून होतं. माझं मन लगेच बसलं. हिचं नाही. वैशाखात आणून मला विहिरीत वाकून बघायला लावलं, पाणी होतं. तरी होकार दिला नाही. म्हणाली, विहीर वैशाखात बघितली, आता छप्पर श्रावणात बघू. श्रावणात आलो आणि पावसाची सर कोसळत असताना आत बसून राहिलो. एका कोपऱ्यात गळलं, तेवढंच. तलाठ्याकडून कागद वाचून घेतला. नाव विकणाऱ्याचंच होतं. मग दिवेलागणीला ही शेजारच्या म्हातारीकडे वाटीभर विरजण मागायला गेली. दिवेलागणीनंतर विरजण कुणी देत नाही, लक्ष्मी जाते म्हणतात. म्हातारीने वाटी भरून दिली. वर म्हणाली, "घे गं. माजी म्हैस वेळ बघून दूद नाय देत."

बाहेर येऊन ही मला म्हणाली, "हे घ्या."

मेहुणा तेव्हाही असाच तडतडला होता. दक्षिण म्हणजे यमाची दिशा, वगैरे. हिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, पूर्वेच्या दाराने माझी दोन नेली. आता यम यायचा तर समोरून येऊ दे. तोंड तरी दिसेल त्याचं."

त्या दारात तिने वाल सोलले, पापड वाळवले, म्हातारीशी भांडण केलं आणि मिटवलं. संध्याकाळी वारा आत यायचा तो याच दाराने. हे घर घेणं ही चूक? जमणार नाही. नदीवरून आल्यावर त्या संध्याकाळी ओट्यावर मी मेहुण्याला तेच बोललो.

"तुझं दार पूर्वेला ना? मग तुझी आई कुठल्या दारातून गेली?"

मेहुण्याची मान खाली गेली. "ती म्हातारी होऊन गेली, दाजी."

"पूर्वेच्या भिंतीला हिची चूल आहे. ती फोडून माझा जीव वाचवणार तू?"

आत ती निजली होती तिथे पीठ पसरून दिवा ठेवला होता, वात दक्षिणेला करून. गेलेल्या माणसासाठी तशीच करतात. म्हणजे दिव्याला ती दिशा चालते, दाराला चालत नाही. हेही मी बोलून दाखवलं. जाता जाता मेहुणा म्हणाला, "तुम्ही आज शुद्धीवर नाही. मी सकाळी येतो."

आला. सोबत गवंडी, हातात थापी नि ओळंबा, डोक्यावर विटांचं घमेलं. मी वाटीवरचं झाकण काढलं, बोळा बुडवला आणि उजव्या फळीला वरून सुरुवात केली.

"दाजी! सुतकात दाराला तेल?"

"सुतकात दार बुजवलेलं चालतं, तेल लावलेलं नाही?"

गवंडी हसला की काय, मी बघितलं नाही. घमेलं खाली ठेवल्याचा आवाज मात्र आला. मेहुणा ओट्याच्या कडेला बसून रडायला लागला. बहीण होती त्याची. रडू दिलं.

वरचा भाग झाला. मग उंबऱ्याला हात टेकून खाली बसलो. गुडघे बोंबलले, बोंबलू देत. बोळा आदल्या दिवशी तिने दाबून चपटा केलेला होता. तो तसाच धरला आणि तिचा भाग लावत उंबऱ्यापर्यंत आलो.