चकवा कोणामुळे लागला

आमच्या गावामागच्या डोंगरावर आम्हाला एकदा चकवा लागला होता, हे मोताळ्याच्या बाजारातही लोकांना ठाऊक आहे. तो माझ्या मित्राच्या शिटीमुळे लागला, हेही ठाऊक आहे. ते खोटं आहे. मीच सांगितलं होतं, म्हणून मीच दुरुस्त करतो.

सोयाबीन घरात आलं की गावातली माणसं डोंगरावर रोडगे करायला जातात. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांत भाजायचे, सोबत वांग्याची भाजी, वरच्या देवाला नैवेद्य आणि मग पंगत. वाट आधी सागाच्या, मग सालईच्या जंगलातून चढते. माथ्यावर काळ्या कातळाचं उघडं पठार आहे आणि देव त्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथं झाड नाही, दगडावर पायवाट उमटत नाही. म्हणून ज्याला वाट माहीत आहे, त्यानं पुढे चालायचं.

त्या वर्षी पुढे मी होतो. माझं लग्न नुकतंच ठरलं होतं आणि होणारे सासरे सोबत आले होते. मला जवळची वाट माहीत आहे, असं मी त्यांना सांगितलं. माहीत नव्हती. दुपार कलली तरी आम्ही फिरून फिरून एकाच फुटक्या दगडाशी येत होतो.

सासरे म्हणाले, "जवाईबापू, हा दगड मघाशीच पाह्यला ना आपण?"

मी म्हणालो, "चकवा लागला. ह्यानं जंगलात शिटी वाजवली."

जंगलात शिटी वाजवली की चकवा मागे येतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. माझा मित्र शिटी फार सुरेख वाजवायचा आणि त्या दिवशी चढभर वाजवत होता. तोवर सगळे कौतुकानं ऐकत होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे पाहिलं. "हाव, माह्याच चुकीनं झालं," म्हणाला.

चकव्यावरचा उपाय सगळ्यांनी केला. खाली बसले आणि उजव्या पायातली चप्पल डाव्या पायात घातली. त्यानंतर देव सापडला.

माझं लग्न झालं. मित्राला मात्र पुन्हा कोणी डोंगरावर पुढे चालू दिलं नाही. तो सगळ्यात मागे, गोवऱ्यांच्या पोत्याबरोबर. शिटी त्यानं शेतातसुद्धा वाजवली नाही. आमची घरं लागून आहेत, वाजवली असती तर मला ऐकू आली असती.

आता आम्ही दोघंही म्हातारे झालोत. यंदा चढताना तो सारखा थांबत होता. एका सालईला टेकून मला म्हणाला, "पुढच्या साली मी काही येत नाही बे. गुडघे नाही म्हणून राह्यले. एकदा पुढं चालाचं होतं."

पुढे माझा पुतण्या होता. त्याला ते ऐकू गेलं. "काका, तुम्ही पुढं आले त रोडगे उद्या खाऊ आपण," तो मित्राला म्हणाला. सगळे हसले. मित्रही हसला.

पठारावर पंगत बसली तेव्हा मी उभा राहिलो आणि सांगितलं, की वाट मीच चुकलो होतो, शिटीचा काही संबंध नव्हता. भाजी फिरत होती. मग पुतण्या हळूच म्हणाला, "मोठेबाबा, उन्हानं होते असं. चपला बदला तुम्ही."

दोघा-तिघांनी मान डोलावली. मी बदलल्या.

मित्राचं जेवण थांबलं होतं. "काऊन नाही सांगितलं इतके वर्ष?"

"सासरे होते."

"त्याइले जाऊन किती वर्ष झाले?"

उतरताना हा पुढे चालेल, एवढं मी पुतण्याला बजावलं. माझ्या वयाकडे पाहून त्यानं ऐकलं.

मित्र गुडघ्यावर हात ठेवत पुढे निघाला. उलट्या चपला घालून मी बराच मागे. पठार त्यानं सरळ पार केलं, कुठे बिचकला नाही. जंगल लागलं. वारा पडला होता. मी कान लावून चालत होतो. साग संपला तरी काही ऐकू आलं नाही.

नाल्यापाशी तो माझ्यासाठी थांबला. मी विचारलं, "आता त कोणी अडवत नव्हतं. शिटी काऊन नाही वाजवली?"

"सालईपासून वाजवूनच राह्यलो न बे."

त्यानं तोंड उघडून दाखवलं. त्याचे समोरचे दात कधीच पडलेत. मी ते तोंड रोज पाहतो.

"नुसती हवा जाते," तो म्हणाला.