खंडेनवमीचा घसारा

मला बी.कॉम.ला फर्स्ट क्लास होता. सासरी आल्यापासून कोणी विचारो न विचारो, ही गोष्ट मी सांगत आले. संगमनेरच्या कॉलेजात अकाउंटन्सीच्या पेपराला पुरवण्या जोडणारी मी, आणि ह्या गावात पहिली पाच वर्षं गाईंच्या धारा काढण्यात गेली. त्यामुळे आम्ही बारा जणींनी मिळून मुरघासाचा धंदा काढला आणि हिशेब कोण लिहिणार असा प्रश्न आला, तेव्हा मी दुसऱ्या कोणाला तोंड उघडू दिलं नाही.

मुरघास म्हणजे आंबवलेला हिरवा चारा. मक्याचं कणीस चिकात आलं, दाण्यात दूध भरलं, की तो तोडायचा, त्याची कुट्टी करायची आणि आत हवा राहणार नाही अशी गच्च दाबून गोणीत भरायची. दीड महिन्यानं गोणी उघडली की आंबूस गोड वास सुटतो आणि गाय दुसऱ्या चाऱ्याकडे बघत नाही. आमच्याकडे प्रवरेच्या पाण्यावर मका उदंड, आणि पाथर्डीकडच्या कोरड्या भागात उन्हाळ्यात वैरणीची मारामार. गिऱ्हाईक होतं, माल होता. फक्त गोणी दाबून भरायला मशीन लागत होतं. दोन वर्षं दुधाच्या पगारातून बाजूला काढलेले पैसे एकत्र केले आणि ते पाच लाखांना आणलं. गोणीवर आमच्या गटाचं नाव हिरव्या अक्षरांत छापून घेतलं. पहिल्या गोणीचा फोटो मी माहेरी आईला पाठवला.

पहिलं वर्ष सरलं आणि मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर आमची वार्षिक सभा भरली. मी इस्त्रीची साडी नेसून नफा-तोट्याचं पत्रक वाचायला बसले. विक्री इतकी, मक्याला इतके, गोण्यांना इतके, डिझेल, मजुरी, घसारा एक लाख, उरला तो नफा. वाचून झाल्यावर मी ऐटीत चष्मा काढला. कोणी काही विचारेल असं मला वाटलंच नव्हतं.

आमच्यात वयानं सगळ्यात मोठ्या आत्याबाई. त्या मूळच्या पाथर्डीकडच्या. निम्मं आयुष्य ऊसतोडीला जाण्यात गेलं, मग लेकीच्या आधारानं ह्या गावात स्थिरावल्या आणि दोन गाई बाळगून होत्या. सही शिकल्या होत्या, ती करायला त्यांना चांगला वेळ लागायचा. बँकेच्या खात्यावर मात्र आम्ही तिघींच्या सह्या ठेवल्या होत्या: गटाच्या अध्यक्षीणबाईंची, माझी आणि त्यांची. पैसे काढायला तिन्ही लागायच्या.

त्यांनी विचारलं, "सूनबाई, समदं कळलं. मका, गोन्या, डिझेल. ह्यो घसारा लाखाचा लावला, त्यो कुनाला दिला?"

"कुणालाच नाही, आत्याबाई. मशीन पाच वर्षं चालेल असं धरलंय. पाच लाखांचं मशीन म्हणजे वर्षाला लाखाचं झिजतं. ती झीज खर्चात धरायची. पैसे बाहेर जात नाहीत, नुसतं वहीत लिहायचं."

"पैसं बाहेर गेलं न्हाईत, तर मग ते लाख रुपयं हायेत कुठं?"

हा प्रश्न मला कुठल्याही पेपरात आला नव्हता. मी पासबुक उघडलं. शिल्लक अकरा हजार. बाकीचे पैसे शेडमध्ये न विकलेल्या गोण्यांच्या रूपात पडून होते आणि पाथर्डीच्या गिऱ्हाइकांकडे उधारीत अडकले होते. मी ते सगळं समजावून सांगितलं. नफा वेगळा आणि हातातली रोकड वेगळी, हेही सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज चढत गेला, कारण मला स्वतःलाच उत्तर पटत नव्हतं.

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "आमी ऊसतोडीला जायचो तवा बैल चांगला चालत असतानाच घरी गोऱ्हा संबाळायचो. बैल बसल्यावर गोऱ्हा कुठनं आननार? तू बैल म्हातारा झाल्याचं लिवलंस, ते चांगलं केलंस. गोऱ्हा कुठं हाय?"

बाया हसल्या. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. घरी येऊन मी भांडी आपटली. नवऱ्याला झालेला प्रकार सांगितला, तर तो म्हणाला, "बरोबरच बोलल्या की." त्या दिवशी त्याला भाजीत मीठ कमी पडलं.

राग ओसरल्यावर मी ट्रंकेतून कॉलेजची पुस्तकं काढली. घसारा कसा काढायचा ह्याच्या पद्धती पानोपानी होत्या आणि त्या सगळ्या मला पाठ होत्या. शेवटी एक पद्धत होती, जिच्यात घसाऱ्याइतकी रक्कम दरवर्षी खरोखर बाहेर काढून गुंतवायची, म्हणजे यंत्र संपेल तेव्हा नव्याचे पैसे तयार असतात. त्या पानावर पेन्सिलीनं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: पर्यायी, सोडला तरी चालेल. तो प्रश्न सोडून मी फर्स्ट क्लास मिळवला होता. आत्याबाईंनी सगळा पेपर सोडून नेमका तोच सोडवला होता.

आठ दिवसांनी खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे नांगर, कोयते, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, जे जे राबतं त्याची पूजा होते. आम्हीही मशीन धुऊन पुसून त्याला झेंडूची माळ घातली. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "वर्षभर झिजलं त्याची पूजा करतोय, तर त्याची झीजही आजच भरून देऊ. दर खंडेनवमीला लाख रुपये वेगळ्या ठेवीत." आत्याबाईंनी मान डोलावली. एवढंच, पण मला कॉलेजच्या निकालाच्या वेळी झाला नव्हता इतका आनंद झाला.

त्या वर्षी लाख एकदम निघाले नाहीत. आठवड्यात आलेल्या उधारीतून तीस हजार निघाले, बाकीचे पुढची उधारी वसूल होत गेली तसे भरले. पुढल्या वर्षापासून मात्र मी उधारीवर अशी बसले की पाथर्डीची गिऱ्हाइकं माझा नंबर बघून फोन उचलायला कचरायची. ठेवीची पावती खंडेनवमीला झेंडूच्या फुलांत मशीनवर ठेवायची आणि मग अध्यक्षीणबाईंच्या कपाटात जायची. चौकातले पुरुष म्हणायचे, बायांनी मशीनला पगार चालू केला. आम्ही म्हणायचो, निदान ते कामाला तरी येतं.

आता माझी एक गोष्ट कबूल करते. तिसऱ्या वर्षी ठेव मोडायला निघालेली बाई मीच होते. भाड्याच्या टेम्पोवर पैसा फार जात होता. जुना टेम्पो विकाऊ होता, आणि मी हिशेब मांडून दाखवला की तो दोन वर्षांत पैसे फेडेल. पैसा पडून राहणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा, असं मी भर सभेत म्हणाले. दहा जणी माझ्या बाजूला आल्या. आत्याबाई म्हणाल्या, "पैसं आपलं असतं तर मी पयली म्हनाले असते, घ्या. ते मशीनचं हायेत." मी म्हटलं, बहुमत आमचं आहे. त्या म्हणाल्या, "असंल. माजी सही न्हाई." मी पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. समोरून आल्या की पदर सावरत दुसरीकडे बघायचे. आज आठवलं की लाज वाटते.

सहाव्या वर्षी, नवरात्राच्या तिसऱ्या माळेला, भर कामात मशीनमधून एक भयंकर आवाज आला आणि ते थांबलं. गिअरबॉक्स गेला होता आणि दाबाची पेटी उभी चिरली होती. संगमनेरहून आलेल्या फिटरनं सगळं खोलून पाहिलं, हात पुसले आणि सांगितलं, "ताई, ह्याच्यात आता रुपया घालू नका."

नऊ शेतकऱ्यांचा मका आम्ही बोलून ठेवला होता. सगळा चिकात आलेला. आठवडाभरात भरला तर मुरघास, नाहीतर ताटं वाळून त्याचं सरमाड. एक हंगाम हुकला की पाथर्डीचं गिऱ्हाईक दुसरीकडे वळणार आणि मक्याचे शेतकरीही. सहा वर्षांत उभं केलेलं सगळं सात दिवसांवर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गावचा चारा-व्यापारी शेडवर आला. बोलायला अगदी गोड. "ताई, ऐकलं ते वाईट झालं. माझं मशीन रिकामंच आहे, तुमचा सगळा मका भरून देतो. फक्त गोण्या माझ्या वापरू. तुम्हाला गोणीमागं कमिशन देईन, बसल्या जागी." गोणीवर नाव त्याचं, म्हणजे गिऱ्हाईकही त्याचं, हे कळायला बी.कॉम. लागत नाही. "बँकेचं कर्ज तुम्हाला दिवाळीनंतर मिळेल. तोवर मका थांबेल का? अष्टमीला गोण्या घेऊनच येतो," असं म्हणून तो गेला.

बायांपैकी दोघींचे डोळे भरून आले होते. मीही त्या व्यापाऱ्याच्या कमिशनचं मनातल्या मनात गणित करायला लागले होते, इतकी घाबरले होते. आत्याबाई नऊ दिवसांच्या उपासाच्या. गोण्यांच्या थप्पीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई, आपला गोऱ्हा किती वर्साचा झाला?"

मी म्हणाले, "पाच."

"मग जुंपा की."

तिथून आमची पावलं जमिनीला लागली नाहीत. मी फोन लावले. नगरच्या एका गोदामात एक मशीन तयार उभं होतं. कर्जावर घेणाऱ्यांची रांग होती, पण सगळे पैसे एकरकमी भरणाऱ्याला लगेच मिळणार होतं. किंमत मात्र मी दोनदा विचारून घेतली. सहा लाख चाळीस हजार. मी झीज पाच लाखांच्या हिशेबानं भरत आले होते, आणि भाव काही माझ्या वहीसाठी थांबला नव्हता. मग पावत्या काढून व्याज मिळवलं. सहा लाखांच्या थोडं वर भरलं. जुनं मशीन दुकानदार पस्तीस हजारांना घेत होता. उरलेली फट गल्ल्यातल्या रोकडीनं बुजली. मी बेरीज तीनदा केली आणि तीनदा तीच आली.

बँकेत आम्ही तिघी गेलो. ठेव मुदतीआधी मोडण्याच्या अर्जात कारणाचा रकाना होता. मी लिहिलं, घसारा. काउंटरवरच्या साहेबांनी कागद वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "एवढ्या वर्षांत घसारा रोख घ्यायला आलेलं कोणी पाहिलं नव्हतं." आत्याबाईंनी सही केली. अख्खी रांग थांबली होती, पण त्यांनी एकेक अक्षर नीट काढलं.

अष्टमीला सकाळी नवं मशीन टेम्पोतून गावात आलं. चौकातून मुद्दाम सावकाश न्या, असं मी ड्रायव्हरला सांगितलं होतं. मशीनला पगार देणाऱ्या बायांना हसणारे सगळे ओट्यावरून उठून उभे राहिले. टेम्पोच्या मागे आम्ही बारा जणी चालत होतो, आणि माझी मान किती ताठ होती ते काय सांगू. शेडवर तो व्यापारी खरंच आपल्या छापील गोण्यांचे गठ्ठे घेऊन आला होता. मशीन उतरेपर्यंत तो बघत राहिला. मी त्याला चहा दिला, साखर जरा जास्तच घातली. तो म्हणाला, "ताई, कर्ज इतक्यात कसं झालं?" मी म्हणाले, "कर्ज नाही भाऊ. आमचेच आहेत." त्यानं चहा संपवला आणि गठ्ठे परत गाडीत घातले.

दुपारी मशीन सुरू झालं. पहिली गोणी बाहेर पडली तेव्हा तिच्यावरचं हिरवं नाव बघून मी सगळ्यांसमोर रडले. मग पदर खोचला आणि कुट्टी ओढायला लागले. पुढच्या दोन दिवसांत नऊही शेतकऱ्यांचा मका भरून झाला, त्यातलं एक ताटही सरमाडात गेलं नाही.

अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. जुनं मशीन दुकानदाराकडे जायला टेम्पोत चढवायचं होतं, पण पूजा झाल्यावरच, असं आत्याबाईंनी बजावलं होतं. पहिलं हळद-कुंकू त्यांनी जुन्याला लावलं आणि क्षणभर त्याच्या चिरलेल्या पेटीवर हात ठेवला. मग नव्याला लावलं, नारळ ठेवला. कनवटीतून एक नोट काढून नारळाखाली सरकवली.

"सूनबाई, ह्याचा घसारा आजपास्नं धर."

मला काही राहवेना. मी म्हणाले, "आत्याबाई, वापरात आलं त्या दिवसापासून धरतात. म्हणजे कालपासून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कनवटीत पुन्हा हात घातला आणि आणखी एक नोट नारळाखाली ठेवली.