यादीतलं पाचवं नाव

सरकारी वकील म्हणून माझी नेमणूक झाली हे सगळ्यांत शेवटी मला कळलं. आमच्या भागातल्या पुढाऱ्याच्या माणसानं आधी अण्णांना, माझ्या वडिलांना, फोन केला होता. संध्याकाळी मी कोर्टातून पलूसला घरी आले तेव्हा अण्णा गल्लीत पेढे वाटत होते. फौजेतून आल्यावर त्यांनी ऊस लावला आणि उरलेला सगळा वेळ त्या पुढाऱ्याला दिला. मेळाव्याला सतरंज्या घालायच्या, माणसं गोळा करायची, मतदानादिवशी म्हाताऱ्यांना गाडीवरून न्यायचं.

अर्ज मी भरला होता, पण तो सरांच्या सांगण्यावरून. सर म्हणजे माझे सीनिअर. अकरा वर्षं मी त्यांच्या ऑफिसात शिकले. ते स्वतःही अर्ज करत होते. "भर गं तूही," ते म्हणाले होते. "या वेळी व्हायचं नाही, पण मुलाखत कशी असते ते कळेल." माझ्या अर्जातल्या चुका त्यांनीच लाल पेननं दुरुस्त केल्या.

दोन दिवसांनी मी बार रूममध्ये शिरत असतानाच कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "पाच नावं वर गेली होती. पहिलं राहिलं आणि पाचवं झालं." पहिलं नाव सरांचं होतं, पाचवं माझं. जिल्ह्यातून यादी जाते, सरकार तीतलं कुठलंही नाव उचलू शकतं. कायद्यानं काहीच चुकलं नव्हतं.

मी घरी येऊन अण्णांना विचारलं, "तुम्ही कुणाला भेटला होता?"

"भेटलो की. तीस वर्सं राबलोय, एक शबुद टाकला. त्यात काय चुकलं?"

"सरांचं नाव पहिलं होतं, अण्णा."

"मग त्यांनी बी शबुद टाकायचा हुता."

त्यांच्या तोंडावर इतका सरळ आनंद होता की मी विषय तिथंच सोडला. नेमणूक नाकारायचीही माझी तयारी नव्हती, हे मी इथं लिहून ठेवते. मला ते काम हवं होतं.

सरांकडे गेले तेव्हा ते खुर्चीवरून उठले. अकरा वर्षांत ते माझ्यासाठी कधी उठले नव्हते. "अभिनंदन, मॅडम. बसा." चहा मागवला. मग म्हणाले, "आता तुम्ही समोरच्या बाजूला. इथं येणं-जाणं बरं दिसणार नाही." ते खरंच होतं. त्यामुळं ते रागानं बोलले की रीत म्हणून, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

मग दुपारचा डबा मी माझ्या खोलीत एकटीच खाऊ लागले. पोलीस यायचे, फायली ठेवून जायचे. बार रूममध्ये मी गेले की बोलणं पिकांवर नाहीतर क्रिकेटवर जायचं.

त्या वर्षी जतकडच्या एका मेंढपाळाच्या खुनाची केस माझ्याकडे आली. मेंढरं द्राक्षबागेत शिरली म्हणून बागाईतदारानं त्याला काठीनं मारलं होतं. त्याची आई दर तारखेला यायची, डोक्यावर पदर घट्ट ओढून माझ्या दाराशी बसायची. आरोपीचा जामीन अर्ज सरांनी घातला होता.

सुनावणीच्या सकाळी अण्णा कोर्टात आले. माझं ऑफिस बघायला ते पहिल्यांदाच आले होते. धुतलेला शर्ट, टोपी. खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "सायबांचा निरोप हाय. त्यो बागवाला आपला मानूस हाय. जामिनाला लय ताणू नगं म्हनत्यात."

"अण्णा, हे तुम्ही मला सांगताय?"

"निस्ता जामीन तर हाय. केस तू चालीव की मनासारखी." मग खाली बघत म्हणाले, "मी शबुद दिऊन आलोय, बाळ."

कोर्टात माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि म्हणाले, "योग्य तो आदेश व्हावा." एवढंच, विरोधाचा एकही मुद्दा मांडला नाही. न्यायाधीशांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग लिहायला लागले. जामीन झाला.

बाहेर ती बाई जिन्याशी थांबली होती. "बाई, तुमी उभ्या ऱ्हायलासा," ती म्हणाली. "मग बोलला का न्हाईसा?" ती रागावली नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं. मी म्हणाले, "केस अजून आहे, मावशी."

केस होती, पण आरोपी गावात होता. डोळ्यांनी पाहिलेल्या दोन्ही साक्षीदारांनी साक्ष फिरवली. मी जीव तोडून उलटतपासणी घेतली, काही उपयोग झाला नाही. तो निर्दोष सुटला. त्या दिवशी सर व्हरांड्यात माझ्यापाशी येऊन उभे राहिले. "जामिनाच्या वेळी माझ्याकडे एकही मुद्दा नव्हता," ते म्हणाले. "तुम्ही विरोध केला असता तर मी हरलो असतो." आणि निघून गेले. जिंकलेल्या माणसासारखे ते दिसत नव्हते.

निकालाविरुद्ध अपील करावं असा अभिप्राय मी लिहिला. जामिनाला विरोध न करणं ही माझी चूक होती आणि त्यामुळं साक्षीदारांवर दबाव आला, हेही त्यात लिहिलं. तो पाठवला आणि महिन्याभरात सरकार बदललं. नव्या नेमणुकांत माझं नाव नव्हतं. सरांचंही नव्हतं, त्यांनी अर्जच केला नव्हता. चार्ज घ्यायला आलेल्या तरुण वकिलानं माझ्या अभिप्रायाची फायलीतली प्रत वाचली, पान उलटलं आणि कपाटाची किल्ली मागितली. पुढं त्या कागदाचं काय झालं, मला माहीत नाही.

आता मी सांगलीत दिवाणी कामं बघते. घरी अण्णा आणि मी टीव्ही लावून जेवतो. जामिनाच्या त्या दिवसाबद्दल ते बोलत नाहीत. मीही बोलत नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी जतकडे त्या बाईच्या गावी गेले. अपील करा असं मी लिहिलं होतं ते सांगावं, माफी मागावी, असं काहीतरी मनात होतं. घराला कडी होती. शेजारच्या झोपडीतून तिची सून आली.

"आत्या मेंढरं घिऊन कोरेगावकडं गेल्यात. आता पावसाळ्यालाच येतील," ती म्हणाली. "कोन आलंतं म्हनून सांगू?"

"राहू दे," मी म्हणाले.

तिनं तांब्या आणून दिला. पाणी पिऊन मी फाट्यावर आले. एसटीला दोन तास होते. समोरच्या माळावर एकही मेंढरू नव्हतं, नुसता वारा होता, आणि मी पदर सावरत तिथल्या दगडावर बसून राहिले.