इक्बालभाईंनी लिहिलेली पाटी

इक्बालभाईंनी पहिले दोन दिवस लॅपटॉप उघडलाच नाही. जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्याहून सकाळच्या एसटीने धुळ्याला यायचे आणि माझ्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात स्टुलावर नुसते बसून राहायचे. वेबसाइट आणि ॲप बनवणारा म्हटल्यावर कुणी तरणाबांड येईल अशी माझी समजूत. हे तर पन्नाशीचे, दाढीला मेंदी लावलेले! साडूने चांगलाच माणूस गळ्यात मारला, असं वाटलं. शेवटी विचारलं, "काम सुरू कधी करणार?"

"चालूच शे ना आबा. गिऱ्हाईक कसं येस, काय इचारस, देखी ऱ्हायनू."

पूर्वी जळगावात ते दुकानांच्या पाट्या रंगवत. फ्लेक्स आले, ब्रश वाळले, तेव्हा चाळिशीत सायबर कॅफेत बसून हा गृहस्थ वेबसाइट करायला शिकला. कंपनी नाही, ऑफिस नाही, एकट्याने कामं घ्यायची. वेबसाइटलाही ते पाटीच म्हणत.

मला ॲप का हवं होतं, ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. "जमाना बदलला" म्हणून वेळ मारून नेली होती. खरं कारण माझे कान. फोनवरचं काही म्हणजे काही कळेना. "रेंज नाही" म्हणून फोन ठेवायचो, नाहीतर नुसतं "हो, हो" म्हणून सुटका करून घ्यायचो. लोक म्हणायला लागले, आबा माजला. जुनी गिऱ्हाइकं तुटत चालली होती आणि दुकान बंद करायची पाळी आली होती.

त्या दुसऱ्या दिवशीच संध्याकाळी इक्बालभाई स्टूल ओढून अगदी माझ्या तोंडासमोर बसले आणि सावकाश म्हणाले, "आबा, तुमना फोन चांगला शे. कान बिघडेल शे."

मी उसनं हसलो. ॲप तयार झालं तेव्हा मात्र तेही जमेना. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात होतं: 'आबांना ऐकू येत नाही. फोन नको, लिहा. मोटरचा व्हिडिओ पाठवा.'

"माझी अब्रू चव्हाट्यावर मांडता? आधी पुसा ते!"

त्यांनी पुसलं. जाताना एवढंच म्हणाले, "पाटी तुमनी शे आबा. पन पाटीवर जे लिखेल शे, तेच दुकानमा सापडाले पाहिजे."

महिनाभराने नरडाण्याच्या बर्फ कारखान्याच्या शेठनी फोन केला. मी सवयीने "हो, हो" म्हणालो. त्यांची चालू मोटर जळाली होती आणि माझ्याकडे रिवाइंडिंगला दिलेली दुसरी मोटर त्यांना त्याच दिवशी हवी होती. ते दिवसभर वाट पाहत बसले, कारखाना ठप्प. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः दारात उभे. रागाने बोलत होते. मला फक्त हलणारे ओठ दिसत होते. वीस वर्षांचा संबंध, पण मोटर उचलून ते निघून गेले, तरी माझ्या तोंडून खरं निघालं नाही.

दुपारची एसटी धरून मी पिंप्राळ्याला गेलो. इक्बालभाईंच्या दारातच उभा राहून आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, "इक्बालभाई, मला ऐकू येत नाही हो."

'मी सांगितलं होतं' असं ते म्हणाले नाहीत. पाणी दिलं, लॅपटॉप उघडला, तीच ओळ परत वर घातली आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "बटन तुम्हीच दाबा आबा."

मी दाबलं. त्यानंतर लोक लिहू लागले, मोटरींचे व्हिडिओ येऊ लागले. दुकानात येणारे समोर उभे राहून बोलू लागले. नरडाण्याच्या शेठनी लिहिलं, 'आधी सांगायचं ना आबा.' ते वाचून मी भर दुकानात रडलो. लाज कुणाची राखत होतो, कोण जाणे.

पुढे इक्बालभाईंचं माझ्याकडे काम उरलं नाही, स्नेह मात्र राहिला. ईदच्या शुभेच्छा, नातीच्या पहिल्या शब्दाची बातमी, "मोटरी कशा शेत?" अशी चौकशी, सगळं लिहून. इतक्या वर्षांत त्यांनी मला एकदाही फोन लावला नाही.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी कामाच्या टेबलावर मोबाइल थरथरला. वर त्यांचं नाव. हातातली तार तशीच राहिली. त्यांच्या नंबरवरून मला फोन आला होता, म्हणजे तो लावणारे इक्बालभाई नव्हते.

मी फोन उचलला नाही. शटर ओढलं आणि जळगावच्या एसटीत जाऊन बसलो.