दुसरी बैठक

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी गडचांदूरकडच्या एका सरकारी कचेरीत नव्याने चिकटलेला कारकून होतो. अक्षर चांगलं, म्हणून कुठे जनसुनावणी निघाली की इतिवृत्त लिहायला मलाच जुंपत. त्या अक्षराचा मला आजही राग येतो.

अशीच एक सुनावणी ज्या गावात निघाली, त्याला लागून चुनखडीची टेकडी होती आणि तिच्या उतारावरचं पाणी खालच्या तलावात उतरायचं. तलावातल्या मासळीवर निम्मं गाव जगे. टेकडीवर खाण आली की पाणी तुटणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आज तिथे तलाव नाही. पण खाणीला परवानगी देण्याआधी कायद्याने लोकांचं म्हणणं ऐकायचं होतं, म्हणून शाळेपुढे मांडव घातला.

आमच्या साहेबांनी खाणीचा प्रस्ताव छापील मराठीत तासभर वाचला आणि विचारलं, "कुणाची हरकत?"

माणसं गप्प. त्या गावाची रीतच तशी होती. तलावाची गोष्ट निघाली की पहिल्या बैठकीत नुसतं ऐकायचं, घरी जाऊन बायकांशी बोलायचं आणि मग दुसऱ्या बैठकीत, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून, सगळ्यांनी मिळून शब्द द्यायचा. पहिल्याच दिवशी तोंड उघडणारा स्वार्थी ठरे. माझ्या आजोळीही हेच चाले. मला सगळं ठाऊक होतं.

एक म्हातारे मासेमार हात जोडून उठले. "आयकलं आमी, साहेब. आता गावात बसून सांगू."

"ऐकलं ना सगळ्यांनी? छान," म्हणत साहेब माझ्याकडे वळले. "लिहा, हरकत नाही."

मी तसंच लिहिलं. साहेबांचं जेवण खोळंबलं होतं, नोकरी नवी होती. खरं सांगायचं तर मी घाबरलो.

आठवड्याने ते म्हातारे चौघांना घेऊन कचेरीत आले. पाळीवरची बैठक झाली होती. "गाव नाई म्हन्ते," ते म्हणाले.

कागद वर गेल्याचं मी सांगितलं.

"काय लिवलं, वाचून दाखवा, बाबू."

मी प्रत काढून वाचली: उपस्थित ग्रामस्थांनी हरकत नसल्याचे एकमताने सांगितले.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चौघांना एकेक करून विचारलं, "तू म्हनला का?" चौघांनीही नकारार्थी माना हलवल्या. मग ते माझ्याकडे वळले.

"मंग हे कोन म्हनलं?"

कचेरीत कधीही न वापरलेल्या आजोळच्या बोलीत मी म्हणालो, "मले ठाऊक नाई, भाऊ."