चौथा सिलिंडर

सलीमचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळोद्याच्या स्टँडवर दुसऱ्याच्या जीपमध्ये सीटा भरत होतो. माझ्या जीपचं इंजिन नंदुरबारला चाचांच्या दुकानात उघडं पडलं होतं. सांगायला लाज वाटते, पण पहिला विचार इंजिनाचाच आला... चाचांचा नंतर.

चाचा इंजिनाचे झिजलेले सिलिंडर बोर करून, म्हणजे आतून कातून द्यायचे. नवे चार पिस्टन एकाच खोक्यातून निघाले तरी ते प्रत्येक वेगळा मोजत आणि त्याच्या मापाने त्याचा सिलिंडर कातत. मग पिस्टन आत सोडून बाजूने फट मोजायची फीलरची पातळ पट्टी सरकवत आणि डोळे मिटून ती ओढत. किती अडते ते त्यांच्या बोटांना कळायचं. फार वर्षांपूर्वी मी शहाणपणा केला होता. फट कमीत कमी ठेवा, म्हणून हट्टच धरला. तोरणमाळच्या घाटात चौथा पिस्टन जाम झाला. चाचा स्वतः टेम्पो घेऊन वर आले. रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "तापनं का फुगस ते. घाटमा त्याले जागा लागस, भाऊ."

चाळिसावा झाल्यावर मी इंजिन आणायला गेलो. चारही सिलिंडर कातून झाले होते. दुसऱ्या मेकॅनिककडून मोजून घेतलं, तर तीन बरोबर आणि चौथा जरा सैल. म्हाताऱ्याच्या हातून चूक झाली, पुढच्या मापाचे पिस्टन आणा, पुन्हा बोर करू, असं त्याचं म्हणणं. असेलही. पण चौथा सिलिंडर सगळ्यात मागे, घाटात आधी तापतो तो तोच. मग चाचांनी जागा मुद्दाम ठेवली का? चाचीला विचारलं, चाचांचे हात थरथरायचे का. ती म्हणाली, "चहाना कप हातमा ठरे नही. मशिनवरनं माले काय माहीत?"

माझं डोकं चालेनासं झालंय. सकाळी वाटतं, थकलेल्या माणसाची चूक. दुपारी वाटतं, नाही, त्यांना माझा घाट आठवला असणार... असल्या शंका मी आजवर त्यांनाच विचारत आलो. रागही येतो त्यांचा, एक शब्द सांगून ठेवायला काय झालं होतं?

पुन्हा बोर केलं तर त्यांचं शेवटचं काम कीस होऊन खाली पडेल. ते माझ्याने होणार नाही. इंजिन आहे तसंच बांधतोय. पहिल्यांदा घाट एकटाच चढेन, सीटा न घेता. काल चौथ्यात पिस्टन सोडला, पट्टी घातली, डोळे मिटले आणि ओढली. ती अलगद बाहेर आली. किती अडायला हवी होती, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.