अप्पांना लागलेला धक्का

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मला मद्रासला संशोधनासाठी जागा मिळाली आणि कुंभकोणमच्या आमच्या घरात शोकसभेसारखी शांतता पसरली. आमचे पूर्वज मराठी राजांमागून तंजावरकडे आले, ते कोणाची परवानगी घेऊन आले ठाऊक नाही. मला मात्र, मुलीच्या जातीला, तीनशे किलोमीटर जायला अप्पांची हवी होती. अप्पा म्हणजे माझे वडील, पट्टीश्वरमच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर.

विषय असा: डोळ्यांना कधीच न दिसणारी, रेणूंएवढी यंत्रं एकमेकांना निरोप कशी देतील? एवढ्याशा जिवाला ना तार, ना अँटेना. तेव्हा एकानं दुसऱ्याला ढकलायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. तसली यंत्रं तेव्हा कोणी बनवलीही नव्हती. पण जी नाहीत त्यांच्या गप्पांवर पाच-सहा वर्षं घालवणं, याला विद्वत्ता म्हणतात.

अप्पांना हे प्रयोगानं पटवायचं ठरवलं, आणि अक्कल गहाण टाकून वेळ निवडली ती त्यांच्या पूजेची. सोवळं नेसून ते देवापुढे बसलेले. तेव्हा त्यांना शिवायचं नाही, हे आमच्या मांजरीलाही ठाऊक. मी माझ्यापासून त्यांच्या पाटापर्यंत लाकडी पट्ट्या टोकाला टोक लावून मांडल्या आणि पहिली ढकलली. शेवटची थेट त्यांच्या गुडघ्याला लागली. निरोप पोचला.

अप्पा उठले, विहिरीवर पुन्हा आंघोळ करून आले आणि ओल्या धोतरानं माझ्यासमोर उभे राहिले.

"धक्का तुझा, मणून मी विटाळलो. पण मांजरीचें शेपूट लागलें असतें तरी पट्टी अशीच हलली असती. मग त्या यंत्रास कसें कळायचें गे, कोणता धक्का निरोपाचा आणि कोणता उगीचचा?"

मी हसले. होणाऱ्या मार्गदर्शकांना पत्रात गंमत म्हणून हे लिहिलं, तर ते हसले नाहीत. त्यांनी कळवलं, एवढ्या लहान जगात उष्णतेनं सगळंच सतत थरथरत असतं, खरा प्रश्न हाच आहे, यावरच काम करा. ते पत्र ऐकून अप्पा दिवसभर ताठ मानेनं फिरले. संध्याकाळी म्हणाले, "जा तर मग."

सहा वर्षांनी बांधीव प्रबंध घेऊन घरी आले. परीक्षकांनी वाखाणलेलं प्रकरण एकच, अप्पांच्या प्रश्नाचं. ऋणनिर्देशात मार्गदर्शक होते, ग्रंथपाल होते, वसतिगृहाची स्वयंपाकीणबाई आणि टायपिस्टसुद्धा होता. अप्पा नव्हते. हा प्रश्न सोवळ्यातून निघाला हे कळलं तर मद्रासची शहाणी मंडळी हसतील, याची मला लाज वाटली होती. आता त्या लाजेचीच लाज वाटते.

अप्पांनी चष्मा लावून ते पान ओळीखाली बोट धरून दोनदा वाचलं.

"सगळ्यांची आठवण ठेविलीस," ते म्हणाले. "बरें केलेंस."

मी हो म्हणाले.